पानावर रंगवलेला नियम

निर्मल हे गाव २०१६पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. पोणकी लाकडाची खेळणी आणि सोनेरी छटांची चित्रे ही त्याची आजची ओळख. पण तिथले नकाश, म्हणजे चितारी, एके काळी गंजिफा या जुन्या पत्त्यांच्या खेळाची गोल पानेही रंगवीत. मोगली गंजिफा ९६ पानांचा असतो. आठ रंग, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने. तिघे भिडू बसले की प्रत्येकाच्या हातात ३२ पाने येतात. एवढी पाने पंख्यासारखी पसरली, तर प्रत्येकाची जेमतेम कड दिसते. म्हणून चिताऱ्याने प्रत्येक रंगाची जमीन, म्हणजे पार्श्वभूमी, वेगळी ठेवली. कोणते पान कुठल्या रंगाचे, हे कडेवरूनच कळते.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात पाने १२० आणि रंग दहा: मत्स्याचा मासा, कूर्माचे कासव, परशुरामाची कुऱ्हाड. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खडूचा लेप द्यायचा, मग चित्र आणि शेवटी लाखेची झिलई. अक्षर न येणाऱ्यालाही चिन्हे मोजून डाव खेळता येई.

एक नियम मात्र चित्रात मावला नाही. राजा आणि वजीर किंवा प्रधान यांच्यानंतर निम्म्या रंगांत दश्शी मोठी, उरलेल्यांत एक्का मोठा. मोगली खेळात उलट क्रमाचे चार रंग वेगळे लक्षात ठेवावे लागतात. दशावतारीत पहिले पाच अवतार, मत्स्यापासून वामनापर्यंत, एका क्रमाचे. परशुरामापासून पुढचे दुसऱ्या. दहा अवतारांचा क्रम घरोघरी पाठ असल्यामुळे नियमाची वही वेगळी लागत नसे. ही सोय फार सुंदर आहे. उतारीचेही तसेच: दिवसा रामाचा राजा असलेला भिडू सुरुवात करतो, रात्री कृष्णाचा. राम सूर्यवंशी, कृष्ण चंद्रवंशी, एवढे आठवले की पुरे. मोगली गंजिफ्यात हीच जागा सोन्याच्या आणि चांदीच्या नाण्यांची आहे.

लेखी नियमही झाले. औरंगाबादच्या हरिकृष्णांनी १८७१च्या सुमारास ‘क्रीडाकौशल्य’ या संस्कृत ग्रंथात अनेक खेळांचे नियम एकत्र केले. पण छापील पत्ते स्वस्तात मिळू लागले आणि हाताने रंगवलेल्या पानांचे गिऱ्हाईक ओसरले. निर्मलची पाने आता संग्रहालयांत आढळतात. सावंतवाडीत राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध चिताऱ्याकडून ही विद्या शिकून घेतली आणि राजवाड्यात नवे चितारी तयार केले. तिथे पाने आजही रंगवली जातात.