किशोरवयीनांचे प्रजनन आरोग्य : शिक्षण, सेवा आणि गोपनीयता

दहा ते एकोणीस वर्षे हा वयोगट किशोरवय म्हणून ओळखला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात या वयाच्या मुलामुलींची संख्या सुमारे २५ कोटी ३० लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक पंचमांशाहून अधिक होती. मासिक पाळी, लैंगिकता, गर्भधारणा आणि लैंगिक संबंधांतून होणारे संसर्ग यांविषयीचे प्रश्न याच वयात प्रथम पडतात. त्यांची शास्त्रीय उत्तरे घरात वा शाळेत मिळाली नाहीत, तर मुले ऐकीव माहितीवर विसंबतात.

शिक्षणाची वाटचाल

केंद्र सरकारने २००५ मध्ये शाळांसाठी किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम हाती घेतला. एचआयव्हीचा प्रतिबंध हा त्याचा एक प्रमुख हेतू होता. मात्र त्यातील चित्रे व मजकूर आक्षेपार्ह असल्याची टीका झाली आणि २००७ मध्ये महाराष्ट्र, मध्य प्रदेश, कर्नाटक, गुजरात आदी राज्यांनी तो राबविण्यास नकार दिला. फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारत योजनेअंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना प्रशिक्षण देऊन अकरा विषयांवर मार्गदर्शन करावे, अशी त्याची रचना असून प्रजनन आरोग्य हा त्यांपैकी एक विषय आहे.

सेवांची व्यवस्था

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ७ जानेवारी २०१४ रोजी झाला. पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, हिंसा व अपघात, व्यसनाधीनता आणि असंसर्गजन्य आजार ही त्याची सहा क्षेत्रे आहेत. शासकीय रुग्णालये व आरोग्य केंद्रांत किशोरवयीनांसाठी स्वतंत्र सल्ला केंद्रे चालविली जातात. महाराष्ट्रात ती 'मैत्री क्लिनिक' या नावाने ओळखली जातात. गावपातळीवर 'साथिया' हे समवयस्क स्वयंसेवक मुलामुलींना माहिती देतात आणि गरजेनुसार या केंद्रांकडे पाठवितात.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी अठराव्या वर्षापूर्वी विवाह झालेल्यांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ४७.४ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २३.३ टक्क्यांवर आले. पश्चिम बंगाल व बिहारमध्ये मात्र ते ४० टक्क्यांहून अधिक होते. १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ६.८ टक्के मुली माता झाल्या होत्या किंवा गर्भवती होत्या. पाळीच्या काळात आरोग्यदायी साधने वापरणाऱ्या १५ ते २४ वर्षांच्या मुली व तरुणींचे प्रमाण २०१५-१६ मधील ५७.६ वरून ७७.३ टक्क्यांपर्यंत वाढले. याउलट १५ ते १९ वर्षांच्या मुलींमधील रक्तक्षय ५४.१ वरून ५९.१ टक्क्यांवर गेला.

गोपनीयतेचा प्रश्न

केंद्र उपलब्ध असले, तरी तेथे जाण्याचा निर्णय बऱ्याचदा एकाच शंकेवर अडतो : ही गोष्ट बाहेर कळेल का? २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती ग्राह्य धरली जात नाही आणि अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. मुलांच्या संरक्षणासाठी ही तरतूद आवश्यक आहे. परंतु परस्पर संमतीच्या संबंधातून गर्भवती झालेली अल्पवयीन मुलगी पोलिसांच्या भीतीने रुग्णालय टाळते आणि असुरक्षित गर्भपाताकडे वळण्याचा धोका वाढतो.

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात यातून मार्ग दाखविला. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकांनी विनंती केल्यास, पोलिसांना द्यावयाच्या माहितीत डॉक्टरांनी तिचे नाव व ओळख उघड करण्याची गरज नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. अर्थात, अल्पवयीन मुलीच्या गर्भपातासाठी पालकांची लेखी संमती आजही आवश्यक आहे.

हा निकाल मुली, पालक आणि ग्रामीण भागातील डॉक्टर यांच्यापर्यंत पोहोचला, तरच त्याचा उपयोग होईल. वर्गातील मार्गदर्शनात जवळच्या केंद्राचा पत्ता, तेथील वेळ आणि गोपनीयतेची हमी यांचाही समावेश झाला, तर शिक्षण व सेवा यांतील अंतर कमी होऊ शकेल.