बाग आधी, वाडा मागून

घनसावंगीहून बडोदे काही जवळ नव्हे. पण गेल्या साली एका लग्नाचे निमित्त मिळाले आणि आम्ही मुलाबाळांसह निघालो. सौभाग्यवतींना राजवाडा पाहावयाचा होता, मुलांना बाग.

लक्ष्मीविलास राजवाडा तिकीट काढून पाहावा लागतो. मेजर मँट याने आराखडा केला. 1881 साली तो वारला. मग चिझम याने काम तडीस नेले आणि 1890 साली वाडा पुरा झाला. दरबार हॉलची ती फरशी, त्या रंगीत काचा! पोरे पायांतल्या चपलांचाही आवाज होऊ देईनात. रविवर्म्याच्या चित्रांशी येताच नात म्हणाली, "आजोबा, हे तर आपल्या माजघरातल्या लक्ष्मीसारखे!" खोटे नव्हते. रविवर्म्याने 1894 साली मुंबईस छापखाना काढला आणि राजाच्या भिंतीवरचा चितारी आमच्यासारख्यांच्या देवघरात आला. दिवाळीत आम्ही त्याच तसबिरीला हळदकुंकू वाहतो.

संध्याकाळी विश्वामित्रीच्या काठी सयाजीबागेत गेलो. जुने बडोदेकर तिला कमाटीबाग म्हणतात. ही 1879 सालची, म्हणजे रयतेची बाग राजवाड्याच्या अकरा वर्षे आधी पुरी झाली! हे ऐकून सौभाग्यवतींनी सयाजीरावांना मनोमन नमस्कार केला. पण खरे तेच सांगावे. महाराज तेव्हा सोळा वर्षांचे होते. कवळाण्याच्या शेतकरी घरातला हा मुलगा 1875 साली दत्तक आला आणि कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत. बागेचे श्रेय एकट्या महाराजांना कसे द्यावे?

त्यांचे स्वतःचे काम निराळेच. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण त्यांनी 1893 साली अमरेली भागात सुरू केले आणि 1906 साली साऱ्या राज्यास लागू केले. आमचा मुलूख तेव्हा निजामाचा. दरबारची भाषा उर्दू, आणि खेड्यात मराठी शाळा दुर्मीळ. माझे आजोबा जन्मभर अंगठा उठवीत. जमिनीच्या कागदावर काय लिहिले आहे, हे त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागे आणि सांगणारा खरे सांगतो की नाही, याची रुखरुख त्यांना अखेरपर्यंत होती. कवळाणे आमच्यापासून बडोद्याहून जवळ. तिथला पोर बडोद्यास गेला, आमच्याकडे आला नाही!

हे मी बाकावर बसून बोलत होतो. ऐकायला कोणी नव्हते. पोरे केव्हाच झुकझुक गाडीकडे पळाली होती. नात तेवढी मागे राहून बागेतल्या पाटीवरचे गुजराती अक्षर मराठीशी जुळते का, ते बोटाने गिरवून पाहत होती.