नदीच्या दोन तीरांवरचे वैकुंठ

नार्व्याच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत उभे राहिले की समोर दिवाडी बेट दिसते. डिचोली तालुक्यातल्या मंडळींना हे दृश्य रोजचेच. पाठीमागे सप्तकोटेश्वराचे देऊळ, समोर पाण्यापलीकडे बेट आणि त्यावरच्या चर्चचा पांढरा रंग. कदंबांचे हे आराध्यदैवत मूळचे दिवाडीवरचे. पोर्तुगीजांनी तिथले देऊळ पाडल्यावर भक्तांनी लिंग नदी ओलांडून इकडे आणले, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. ही हकिगत आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे.

पण देव घेऊन नदी ओलांडली ती काही माणसांनी. बाकीची तिथेच राहिली. जमीन, गावकरीतला वाटा, म्हातारे आईबाप, अंगावरचे कर्ज, असे काही ना काही त्यांना सोडवले नाही. ती ख्रिस्ती झाली. एकाच कुळाचे दोन भाग नदीच्या दोन काठांवर, असे तिसवाडी, बार्देश, सासष्टीत कितीतरी ठिकाणी घडले. आपण इतिहासप्रेमी लोक इकडे आलेल्यांविषयी पुष्कळ बोलतो. जे तिकडे राहिले त्यांनी पुढची दीड-दोनशे वर्षे कशाच्या आधारावर काढली, हे मात्र फारसे विचारत नाही. या टिपणात तेवढाच प्रश्न घेतला आहे.

त्या काळचे हाल थोडक्यात आठवून बघा. गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये आले. मधली काही वर्षे सोडता ते १८१२ पर्यंत टिकले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाने घरात जुनी एखादी रीत पाळली, तरी त्याच्यावर बालंट येऊ शके. सासष्टीतली देवळे १५६७ मध्ये पाडली गेली. १५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइट पाद्रींना ठार केले. त्यानंतर गावच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. त्यात रोगराई होती, दुष्काळ होते, आणि पुढे १६८३ मध्ये संभाजी महाराजांची स्वारी व १७३९ मध्ये पेशवाईतल्या मराठ्यांची स्वारी याच भूमीवर झाली. धर्म बदलला म्हणून माणसाचे कष्ट कमी झाले, असे काही घडले नाही.

अशा वेळी नव्या धर्माने त्यांना जी मोठी गोष्ट देऊ केली ती म्हणजे स्वर्गाची आशा. इथले दुःख हे शेवटचे नव्हे, ख्रिस्त मेला आणि परत उठला, तसे त्याच्या माणसांनाही देवाजवळ घर आहे, तिथे कोणी रडत नाही. ख्रिस्ती शिकवणुकीचा हा गाभाच आहे. पण आशा कितीही मोठी असली तरी ती कुठल्या भाषेत सांगितली जाते यावर ती मनात उतरते की कानावरून जाते हे ठरते. लॅटिनमधली प्रार्थना सासष्टीच्या कुळवाड्याला काय कळणार?

इथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव येते. जन्माने इंग्रज, जेझुइट पंथाचे पाद्री. १५७९ च्या ऑक्टोबरात ते गोव्यात उतरले, आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत चाळीस वर्षे इथेच, बहुतेक काळ सासष्टीत राहिले. कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या पाचजणांचे देह आणण्याचे काम त्यांच्याच वाट्याला आले होते. म्हणजे त्या भूमीवरचे दोन्ही बाजूंचे रक्त या माणसाने जवळून पाहिले होते. त्यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला, म्हणजे राशोलला, छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन भाग. पहिल्यात सृष्टीची उत्पत्ती, आदाम-एवेचे पतन आणि तारणाऱ्याची वाट बघणारे जुने लोक. दुसऱ्यात ख्रिस्ताचा जन्म, यातना, मरण, पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण. मराठीच्या थोरवीच्या त्यातल्या ओव्या आपण शाळेत शिकलो. पण ग्रंथ भाषेच्या कौतुकासाठी लिहिलेला नव्हता.

तो का लिहिला, हे ग्रंथाच्या सुरुवातीलाच येते. सासष्टीत मुलांना दोत्रीन शिकवणे चालले होते. तेव्हा ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पुढे आला. त्याच्या बोलण्याचा आशय असा, की तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत, ठीक आहे. मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला, ऐकायला काही तरी द्या. या मागणीकडे मी दोन प्रकारे बघतो. एक, ती तक्रार आहे, अगदी सभ्य शब्दांत केलेली. पोथी, पुराणिक, संध्याकाळचे श्रवण, हे सगळे गेले आणि त्या जागी पोकळी राहिली, हे तो माणूस सत्तेच्या माणसाला तोंडावर सांगतो आहे. दुसरे, त्या पोकळीत काय हवे हेही तो नेमके सांगतो. त्याला नियम नको आहेत, कथा हवी आहे. दिवसभर राबून आल्यावर चार लोकांत बसून ऐकता येईल अशी.

स्टीफन्स यांनी ती दिली, आणि दिली ती ओवीत. एकनाथ १५९९ मध्ये गेले, तुकोबांचा जन्म १६०८ चा मानतात. त्या दोघांच्या मधल्या काळातली ही रचना आहे. कानाला ती परकी वाटण्याचे कारणच नव्हते. आणि त्या ओव्यांत स्वर्गाला शब्द आला तो वैकुंठ. ज्या शब्दाने आजी-पणजीने विठ्ठलाचे, विष्णूचे घर सांगितले होते, त्याच शब्दाने आता ख्रिस्ताच्या बापाचे घर सांगितले गेले. मोक्ष, मुक्ती हे शब्दही तसेच आले. आजसुद्धा गोव्यातल्या ख्रिस्ती कोंकणीत नरकाला यमकोंड म्हणतात. यम इथे कसा राहिला, याचे कोणाला नवल वाटत नाही.

यात पाद्रींचा डावपेच नव्हता असे मी म्हणणार नाही. ओळखीच्या शब्दात अनोळखी गोष्ट घालून देणे हे धर्मप्रसाराचे जुने कसब आहे. पण ऐकणाऱ्याच्या बाजूने बघा. मूल गेलेल्या बाईला ते मूल वैकुंठात आहे असे तिच्याच शब्दात सांगितले, तर ती तो शब्द कोणी कशासाठी वापरला हे तपासत बसत नाही. तिला त्या शब्दाबरोबर तिच्या आईचा आवाज ऐकू येतो. १६३० च्या आसपास देशावर भयंकर दुष्काळ पडला, तुकोबांच्या घरातली माणसे गेली, आणि त्यांनी विठ्ठलाला धरले. त्याच पिढीत सासष्टी-बार्देशात कोणी कोणी पुराणातल्या ख्रिस्ताला धरले. दोघांच्या तोंडी शब्द एकच होता.

स्टीफन्स एकटे नव्हते. फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रुआ यांनी स्वर्गाच्या किल्ल्या ज्याच्या हाती दिल्या त्या संत पीटरवर मराठीत पुराण रचले, ते १६२९ पासून छापले गेले. आंतोनियु द साल्दान्य यांचे संत आंतोनीवरचे पुस्तक १६५५ चे. क्रिस्तपुराणही १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. लोकांना ते हवे होते, याचा याहून सरळ पुरावा नाही.

इथे डिचोलीची एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती या आशेची दुसरी बाजू दाखवते. दिवाडीच्या एका ख्रिस्ती ब्राह्मण घरात जन्मलेले मातेवश द काश्त्रु यांना पाद्री व्हायचे होते. गोव्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी दाद दिली नाही. ते रोमला गेले, तिथे दीक्षा घेतली, आणि १६३७ मध्ये बिशप झाले. एवढे होऊनही गोव्यात त्यांना मान मिळेना. मग त्यांनी ठाणे मांडले ते डिचोलीत, कारण डिचोली तेव्हा आदिलशाहीत होती आणि पोर्तुगीजांचा हुकूम इथे चालत नव्हता. म्हणजे ज्या नदीवरून सप्तकोटेश्वर इकडे आला, तीच नदी ओलांडून एक ख्रिस्ती बिशपही आश्रयाला याच काठावर आला! स्वर्गात सगळे सारखे, हे शिकवणाऱ्यांनी इथे जमिनीवर आपल्याला सारखे का मानू नये, असा त्यांचा झगडा होता. वैकुंठाची आशा माणसाला नेहमी गप्पच बसवते असे नाही. कधी कधी तीच त्याला भांडायला उभे करते.

पुढे १६८४ आले. २७ जून १६८४ च्या फर्मानाने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला शिका, असा हुकूम निघाला. भाषा काही मेली नाही, पण ओवीतल्या ख्रिस्ती ग्रंथांना सरकारी आणि धर्मसत्तेचा आधार राहिला नाही. १६१६, १६४९, १६५४ या तिन्ही छपायांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. क्रिस्तपुराण आपल्यापर्यंत आले ते हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांतून. ज्यांनी नवे पुराण दिले, त्यांच्याच वारसांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. जपले ते लोकांनी.

कसे जपले, ते बघायला गोव्याबाहेर जावे लागते. छळ, उपासमार आणि लढाया यांना कंटाळून गोव्यातली हजारो ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेला कानडा मुलखात उतरली. सामानाबरोबर पुराणाच्या पोथ्याही गेल्या. १७८४ च्या फेब्रुवारीत, राखेच्या बुधवारी, टिपू सुलतानाच्या हुकमाने मंगळूरकडच्या या लोकांना पकडून घाट चढून श्रीरंगपट्टणला नेण्यात आले. कपाळाला राख लावून माणसाला मरणाची आठवण द्यायचा तो दिवस. पाद्रींना हद्दपार केले, चर्चे पाडली. वाटेत आणि कैदेत फार माणसे गेली. श्रीरंगपट्टण पडले ते १७९९ मध्ये, पंधरा वर्षांनी.

या पंधरा वर्षांत ना मिस्सा होती, ना पाद्री, ना देऊळ. मंगळूरच्या ख्रिस्ती समाजात परंपरेने सांगतात, की त्या काळात क्रिस्तपुराणाने लोकांना धीर दिला. मला हे पटते, आणि त्याचे कारण साधे आहे. चर्च पाडता येते, पाद्री हाकलता येतो, पोथी जाळता येते. पाठ असलेली ओवी काढून घेता येत नाही. दोनशे वर्षांपूर्वी सासष्टीतल्या एका माणसाने ऐकायला काही तरी द्या म्हणून मागितले होते, ते त्याच्यासारख्यांच्या वंशजांना इतक्या दूर उपयोगी पडले. सुटून आलेल्यांनी मंगळूरला पुराणवाचन पुन्हा चालू ठेवले, आणि पुढे १९०७ मध्ये मंगळूरलाच जे. एल. साल्ढाणा यांनी क्रिस्तपुराण छापून काढले. गोव्यातले हे पुस्तक जगाला पुन्हा मिळाले ते असे, वळसा घालून.

आता परत आपल्या तालुक्यांकडे येऊ. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. या नव्या काबिजादींत जुन्या काबिजादींसारखी देवळे पाडली गेली नाहीत, सक्तीचे धर्मांतरही झाले नाही. म्हणून हरमलचा, मांद्र्याचा किंवा डिचोलीचा ख्रिस्ती शेजारी आणि त्याचा हिंदू शेजारी यांच्यात नदीएवढे अंतर कधी पडले नाही. कोणी वारले की ख्रिस्ती घरात म्हणतात, तो देवाधीन झाला. हिंदू घरात म्हणतात, देवाघरी गेला. वारकरी माणसाच्या नावामागे आपण ‘वै.’ लावतो, म्हणजे वैकुंठवासी. आमच्याकडे भाद्रपदात म्हाळ घालतात, त्यांच्याकडे २ नोव्हेंबरला मेलेल्यांसाठी प्रार्थना करतात. ख्रिस्ती लग्नाआधी भिकाऱ्यांचे जेवण घालायची रीत आहे. घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने गोरगरिबांना जेवू घालायचे, आणि मग मंगलकार्याला हात लावायचा. गेलेली माणसे कुठे तरी आहेत, त्यांचे आपल्याकडे लक्ष आहे, हा भरवसा दोन्ही घरांत सारखाच आहे.

परलोकाची आशा म्हणजे गरिबाला गप्प ठेवायची युक्ती, असे आजकाल सहज म्हटले जाते. तसा वापर झाला, तो इथेही झाला, आणि वर सांगितलेला इतिहास तो लपवत नाही. ज्यांनी देवळे पाडली त्यांच्याच बरोबर वैकुंठाचे नवे आश्वासन आले, ही गोष्ट विसरायची नाही. तरीसुद्धा ऐकणाऱ्यांनी त्या आश्वासनाचे काय केले, तो वेगळा इतिहास आहे, आणि तो त्यांचा स्वतःचा आहे. त्यांनी ते आपल्या भाषेत मागून घेतले, पाठ केले, परमुलखात नेले, कैदेत म्हटले, आणि देणाऱ्याने सोडून दिल्यावरही जपले.

एक विनंती करून थांबतो. पेडणे-डिचोलीतल्या ख्रिस्ती घरांत अजून काही म्हाताऱ्या बायका आहेत, ज्यांना लादाईनीतली, मरणघरातली, चाळीस दिवसांच्या उपासाच्या काळातली जुनी गाणी येतात. पुढच्या वेळी त्या बाजूला गेलात तर चार घटका बसून ती ऐका आणि टिपून ठेवा. कुठल्या ओळीत स्वर्गाला काय शब्द येतो, तेवढे जरी लिहून आणलेत तरी पुष्कळ होईल.