तळटीप : वक्फ

१. वक्फ : जी मिळकत ईश्वरार्पण होऊन विक्री, बक्षीस व वारसा या तिहींपासून कायमची मुक्त होते आणि जिचे केवळ उत्पन्न मुतवल्लीच्या देखरेखीखाली धर्मकार्यी लागते, ती. जेरुसलेमात सुलतान सुलेमानाची पत्नी हुर्रेम हिने सोळाव्या शतकाच्या मध्यास स्थापिलेल्या अन्नछत्रात, नेमून दिलेल्या गावांच्या वसुलावर, सकाळी तांदळाची व सायंकाळी गव्हाच्या भरड्याची पेज गरिबांस मिळे. वाद माजला तो कौटुंबिक वक्फाचा, ज्याचे उत्पन्न प्रथम वंशजांस व वंश खुंटल्यावरच गरिबांस जाते : गरिबांचा वाटा नाममात्र म्हणून प्रिव्ही कौन्सिलने १८९४ साली अग्राह्य ठरविलेला हा प्रकार हिंदुस्थानात बॅ. जिनांच्या विधेयकाने १९१३ साली पुन्हा कायदेशीर झाला. इजिप्तने मात्र, आमच्या मते योग्यच, तो १९५२ साली रद्द केला. — संपादक