अंगणात गेलेली शाळा

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांची नावे छापली जातात आणि ती वाचून आम्हां जुन्या शिक्षकांस समाधान वाटते. परंतु हजेरीपटावर ज्यांच्या नावापुढे लाल शाईच पडत राहिली, अशा मुलांकडे आमचे लक्ष क्वचितच जाते. विद्यार्थ्यांचे म्हणणे ऐकून शिक्षकाने आपले अध्यापन सुधारावे, हा विचार हल्ली प्रशिक्षणवर्गांतून नवा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो आपल्या महाराष्ट्रात जुना आहे. आणि तो शिकविला कोणी, तर ज्यांस अद्याप अक्षरओळखही नव्हती अशा बालकांनी!

कै. ताराबाई मोडक (1892–1973) यांचे वास्तव्य विवाहानंतर काही काळ अमरावतीस होते, म्हणून आम्हां वऱ्हाडकरांस त्यांच्याविषयी विशेष आपलेपणा. पुढे त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाच्या कार्यात पडल्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 1945 साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ (1910–1992) तेथेच त्यांस येऊन मिळाल्या. बालवाडी सुरू झाली, पण गोरगरिबांच्या वस्तीतील मुले येईनात. अशा वेळी सामान्य शिक्षक पालकांस दोष देऊन मोकळा होतो. ताराबाईंनी ती गैरहजेरी हाच मुलांचा अभिप्राय मानला. मुलांच्या घराजवळ, त्यांच्याच अंगणात, त्यांस सोयीच्या वेळी त्यांनी शाळा भरविली. महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, पाने, फुले वापरली. हीच अंगणवाडी होय.

1957 मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखीत, तेव्हा कुरणावरच शाळा भरू लागली. तिला कुरणशाळा म्हणत. थोरल्या मुली धाकट्या भावंडांस सांभाळण्यात अडकतात, हे पाहून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी राहिली. प्रत्येक सुधारणेमागे मुलांची एखादी अडचण होती. 1975 साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना निघाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. आज खेडोपाडी ते नाव रोज उच्चारले जाते. त्यामागील बोर्डीची मुले मात्र कोणास आठवत नाहीत.

हे सर्व मी उशिरा वाचले, ही माझी खंत आहे. आमच्या कळंब तालुक्यात दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की वर्ग ओस पडत. एका खेड्यात मी चौथीस शिकवीत असताना एक मुलगा दिवस मावळता शाळेजवळ आला व म्हणाला, "गुरुजी, सांजच्याला शाळा असती त मी रोज आलो असतो." मी हसलो. शाळेची वेळ माझ्या हाती नाही, असे त्यास सांगितले. ते खरेही होते. परंतु संध्याकाळचा एक तास तर माझ्याच हाती होता! दुसऱ्या दिवशी त्याच्या नावापुढे पुन्हा लाल शाई.

काही वर्षांनी ताराबाईंचे चरित्र हाती आले, तेव्हा मी वेचणीच्या दिवसांत शाळेच्या ओसरीवर सायंकाळचा वर्ग घेऊ लागलो. आठवड्यातून एकदा नाव न घालता चिठ्ठीवर अडचण लिहावयास सांगे. पहिल्या चिठ्ठ्या निव्वळ स्तुतीच्या निघाल्या. मुले मास्तरांस भितात ना! पुढे मात्र खरे येऊ लागले. एकीने लिहिले, "गुरुजी फळा लवकर पुसतात." तीस वर्षे मी फळा पुसत होतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या चिठ्ठीत भागाकार समजत नसल्याचे होते. तेव्हा पुस्तकातील आंबे बाजूस ठेवून मी वेचलेल्या कापसाचे किलो आणि किलोमागील मजुरी यांवर गणिते घातली. जी मुले फळ्याकडे पाहत नसत, ती माझ्या चुका काढू लागली. कारण मजुरीचा दर त्यांस माझ्याहून अधिक ठाऊक होता.

मावळतीला आलेला तो मुलगा मात्र पुढच्या वर्षी पाचवीच्या पटावर नव्हता.