डोळ्यातील पांढरी झाक

श्रोतेहो, इतिहास म्हटला की लढाया, किल्ले आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. पण रोगांनाही इतिहास असतो. माणसाला एखादी गोष्ट कळली केव्हा आणि ती घरोघर पोहोचली केव्हा, ह्यांत कधी कधी शतकांचे अंतर पडते. लहान मुलांच्या डोळ्याच्या कर्करोगाची हकीकत अशीच आहे.

ह्या रोगाला डॉक्टर रेटिनोब्लास्टोमा म्हणतात. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला दृष्टिपटल नावाचा नाजूक पडदा असतो. त्यात गाठ धरते. रोग बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. पंधरा-वीस हजार मुलांत एखाद्यालाच होतो, हे खरे. पण जग मोठे आहे. दरसाल सुमारे ८,००० मुलांना तो होतो आणि त्यांत भारतातली मुले सर्वांत जास्त असतात.

१५९७ साली हॉलंडमधील लायडन येथे पीटर पॉव ह्या शरीरशास्त्रज्ञाने एका तीन वर्षांच्या मुलाच्या डोळ्यातील अशी गाठ वर्णन करून ठेवली. तिचे मूळ मात्र उमगले नव्हते. ते शोधले एडिंबरोच्या जेम्स वॉर्ड्रॉप ह्या शस्त्रवैद्याने. १८०९ साली त्याने लिहिले, की ही गाठ बहुधा दृष्टिपटलातच उगवते. तेव्हा ती बाहेर पसरण्याआधी डोळा काढला, तर मूल वाचेल. बघा, त्या काळी गुंगीचे औषधही नव्हते! ईथर आले १८४६ साली. पुढे १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ ह्या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्याच्या आत पाहण्याचे यंत्र केले, आणि गाठ लहान असतानाच दिसू लागली. १९७१ साली अमेरिकेतील आल्फ्रेड नुडसन ह्यांनी हा रोग काही घराण्यांत का उतरतो ह्याची उपपत्ती मांडली, व १९८६ मध्ये त्यामागील जनुकही हाती लागले.

मग आज हा रोग संपायला हवा होता, नाही का? श्रीमंत देशांत तो जवळजवळ जिंकला गेला आहे. तेथे निदानानंतर तीन वर्षांनी शंभरांपैकी ९९ मुले जिवंत असतात. अगदी गरीब देशांत मात्र सुमारे ५७. औषधांचा तुटवडा आहेच. पण मोठे कारण आहे उशीर. २०१७ साली निदान झालेल्या १५३ देशांतील ४,३५१ मुलांची पाहणी झाली. श्रीमंत देशांत रोग ओळखला गेला तेव्हा मुलाचे वय साधारण १४ महिने होते. गरीब देशांत ३० महिने. तेथे जवळजवळ निम्म्या मुलांत गाठ डोळ्याबाहेर आलेली होती. म्हणजे वॉर्ड्रॉपने जी अवस्था टाळा म्हटले, तीच दोनशे वर्षांनंतरही डॉक्टरांपुढे येते आहे.

हा उशीर कसा होतो? खूण बहुधा आईलाच प्रथम दिसते. दिव्याच्या उजेडात बाळाची बाहुली काळी न दिसता पांढुरकी चमकते, मांजराच्या डोळ्यासारखी. कधी नुसता तिरळेपणा येतो. बाळ रडत नाही, डोळा दुखत नाही, दुसऱ्या डोळ्याने ते छान खेळते. मग घरात कुणी म्हणते, ‘फूल पडलं असेल,’ कुणी म्हणते, ‘तिरळा डोळा भाग्याचा.’ कुणी मध घालते, कुणी अंगारा लावते. जवळचा डॉक्टरही कधी मोतीबिंदू समजून ‘थोडं मोठं होऊ द्या’ म्हणतो. शहर लांब, मजुरी बुडते. अखेर मोठ्या इस्पितळात ‘डोळा काढावा लागेल’ हे शब्द कानी पडतात आणि आईबाप मूल उचलून घरी येतात. मुलगी असली तर लग्नाची चिंता आधी. परत जातात तेव्हा डोळा बाहेर आलेला असतो.

त्या आईबापांना अडाणी म्हणून मोकळे होऊ नका. लेकराचा डोळा काढा म्हणणे सोपे नाही. पण त्यांना दोन गोष्टी कुणीतरी सांगायला हव्यात. गाठ लवकर सापडली, तर औषधे व लेसर ह्यांनी पुष्कळदा डोळाही वाचतो. आणि डोळा काढावाच लागला, तरी कृत्रिम डोळा बसवता येतो. मूल शाळेत जाते, मोठे होते, संसार करते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हे काम तुमच्यासारख्यांचे आहे. शाळेत येणाऱ्या पालकांना, अंगणवाडीच्या ताईंना ही खूण सांगून ठेवा. बाहुली पांढरी दिसली किंवा डोळा तिरळा होऊ लागला, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावे, आणि औषध घालून बाहुली मोठी करून तपासा, असे सांगावे. घरात एकाला हा रोग झाला असेल, तर धाकट्या भावंडांना जन्मल्याबरोबर दाखवावे.

विद्येने आपले काम केव्हाच केले आहे. आता उरला आहे तो आईच्या नजरेपासून डॉक्टरच्या दारापर्यंतचा रस्ता. तो लवकर चालायचा, एवढेच.