दंडात ताकद किती? कमाल ताकद मोजण्याची योग्य पद्धत

सोलापुरात तालीम असो की जिम, आपली पोरं घाम गाळताना दिसतात. "ताकद किती?" असं विचारलं की उत्तर येतं, "सर, एका दमात साठ जोर मारतो." शाब्बास! पण ही कमाल ताकद नव्हे, हा दमसास झाला.

कमाल ताकद म्हणजे काय?
योग्य पद्धतीने जे वजन फक्त एकदाच उचलता येतं, दुसऱ्यांदा नाही, ती त्या व्यायामातली कमाल ताकद. जिममध्ये याला 'वन रेप मॅक्स' म्हणतात. पोलीस भरतीतली गोळाफेक (पुरुषांना ७.२६ किलो, महिलांना ४ किलो) झटक्याची ताकद दाखवते. या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

चाचणी कोणती?
छाती, खांदे आणि दंडासाठी बेंच प्रेस. बाकावर उताणं झोपून रॉड छातीला टेकवायचा आणि हात सरळ होईपर्यंत वर ढकलायचा. छातीवर आपटून उसळी घेतली किंवा कंबर उचलून ढकललं, तर ते वजन धरायचं नाही. पॅरा पॉवरलिफ्टिंगमध्ये तर हा एकच प्रकार असतो. इराणच्या सियामंद रहमान यांनी २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये ३१० किलो उचलले. भारताच्या सकीना खातून यांनी २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं.

पैलवानाला ढकलण्याइतकंच ओढावंही लागतं. त्यासाठी कमरेला वजन बांधून एक पुल-अप काढतात. त्यात स्वतःचं वजनही मिळवायचं.

चाचणी कशी घ्यावी?
१. अंग गरम करा. अंदाजे कमाल वजनाच्या निम्म्यावर ८ ते १० वेळा.
२. मग साधारण ७५ टक्क्यांवर ३ ते ५ वेळा.
३. पुढे ९० टक्क्यांवर फक्त एकदा.
४. आता दर वेळी २.५ ते ५ किलो वाढवत एकेकदा उचला. मध्ये ३ ते ५ मिनिटं विश्रांती घ्या.
५. शेवटचं नीट उचललेलं वजन लिहून ठेवा. चार-पाच प्रयत्नांत उत्तर मिळायला हवं, नाहीतर थकव्यामुळे आकडा कमी येतो.

न उचलताही अंदाज येतो
समजा, ६० किलो जेमतेम ५ वेळा उचललं. एप्ली यांच्या सूत्राने: ६० × (१ + ५/३०) = ७० किलो. ब्रझिकी यांच्या सूत्राने: ६० × ३६/(३७ − ५) = ६७.५ किलो. दोन्हींत फरक आहे, म्हणजे हा अंदाजच. दहापेक्षा जास्त वेळा उचललं असेल तर तो आणखी चुकतो.

हे विसरू नका
ही चाचणी सराव असलेल्या खेळाडूंसाठी आहे. नवख्या मुलांनी पैजेवर करू नये. डोक्याशी सपोर्टला माणूस हवाच, आणि अंगठा रॉडभोवती वळवलेला हवा. रॉड निसटून छातीवर किंवा गळ्यावर पडला तर जीव जाऊ शकतो. खांदा दुखत असेल किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

दोन-तीन महिन्यांनी त्याच वेळेला, त्याच पद्धतीने पुन्हा मोजा. एक चाचणी रोज्यात आणि दुसरी ईदनंतर घेतली, तर तुलना खोटी ठरते. आणि तुलना शेजारच्या पोराशी नाही, आपल्याच मागच्या आकड्याशी करायची. पालकांनीही मुलांना हेच सांगावं.